चंदनाच्या तेलाची परीक्षा

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोशाध्यक्षाच्या कामाचे जे प्रकरण आहे, त्यात मोती आणि रत्ने यांच्या परीक्षेपाठोपाठ चंदनाची परीक्षा येते. कोणत्या मुलखातले चंदन कोणत्या रंगाचे, कोणत्या वासाचे, हे एकेक नाव घेऊन तिथे नोंदवले आहे आणि शेवटी उत्तम चंदनाची लक्षणे सांगितली आहेत. ते वजनाला हलके आणि स्निग्ध असावे, चटकन वाळू नये, तुपासारखे अंगाला माखता यावे, त्याचा वास सुखद असावा पण उग्र नसावा, ते त्वचेत उतरावे, त्याचा रंग टिकावा, उष्णता त्याने सोसावी आणि दाह ओढून घ्यावा. खजिन्यात माल जमा करून घेणाऱ्या अधिकाऱ्याची ही नजर आहे. यातले प्रत्येक लक्षण हाताने, नाकाने किंवा विस्तवाजवळ धरून तपासता येते. चंदनावर आपल्याकडे पुढे जे अमाप लिहिले गेले त्यात स्तुती वाढत गेली आणि तपासणी मागे पडली. आज चंदनतेलाच्या बाटलीवर आणि ते घातल्याचे सांगणाऱ्या साबण-क्रीमच्या वेष्टनावर स्तुतीच छापलेली असते. रंग उजळेल, मुरुमे जातील, सुरकुत्या थांबतील, मन शांत होईल, असे सगळे एका दमात. या पुस्तकाने कोशाध्यक्षाची बाजू घेतली आहे, आणि तशी परीक्षा केल्यावर माझे जे मत झाले ते आरंभीच सांगून टाकतो. चंदनतेल हे आधी सुगंधद्रव्य आहे आणि त्या कामात त्याला तोड नाही. त्वचेसाठी त्याचा उपयोग आहे, पण तो थोडा आहे, मोजून घेण्याजोगा आहे, आणि तो फुगवून सांगितल्याने वापरणाऱ्याचे नुकसान होते तसेच झाडाचेही होते.

झाडापासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण तेलाचे सगळे अर्थकारण झाडाच्या स्वभावात आहे. ज्याला शास्त्रात सॅन्टलम अल्बम म्हणतात ते आपले चंदन अर्धपरजीवी आहे. पाने हिरवी असतात, अन्न ते स्वतः तयार करते, पण त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेतात. म्हणून रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत तुरीचे रोप लावतात आणि शेतात जवळ शेवरी, करंज, सुरू अशी झाडे ठेवतात. फुलांत किंवा पानांत हे सुगंधी तेल नसते. बाहेरचे पांढरे लाकूडही बिनवासाचे असते. तेल साठते ते आतल्या पिवळसर-तपकिरी गाभ्यात, आणि गाभा नीट धरायलाच दहा-पंधरा वर्षे लागतात. तो तेलाने भरायला पंचवीस-तीस वर्षे किंवा त्याहून अधिक जावी लागतात. मुळांत तेलाचे प्रमाण सर्वांत जास्त, म्हणून चंदन बुंध्याशी तोडत नाहीत, मुळासकट काढतात. गुलाब दरवर्षी फुलतो, गवती चहा वर्षातून अनेकदा कापता येतो. चंदनाचे झाड मात्र एकदाच तेल देते आणि तेव्हाच संपते. गाभ्याचा भुगा करून त्यातून वाफ सोडली तर वजनाच्या शेकडा दोन ते सहा भाग तेल मिळते, आणि तेल जड असल्यामुळे ते पूर्णपणे काढायला दोन-तीन दिवस भट्टी चालू ठेवावी लागते. एका पिढीने लावलेल्या झाडाचे तेल बहुधा पुढच्या पिढीच्या हाती येते. चंदनतेलाविषयीचा कोणताही दावा या हिशेबासमोर ठेवूनच पाहिला पाहिजे.

या तेलाचा मोठा भाग सॅन्टलॉल नावाच्या दोन भावंड-रेणूंचा असतो. पंधरा कार्बन अणूंचे हे जड अल्कोहोल आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अस्सल भारतीय चंदनतेलात अल्फा-सॅन्टलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा-सॅन्टलॉल 16 ते 24 टक्के असावे लागते. अल्फाचा वास सौम्य, लाकडी. ज्याला आपण चंदनाचा वास म्हणतो, तो सायीसारखा मऊ, किंचित गोडसर आणि खोल वास मुख्यतः बीटाचा. हे रेणू जड असल्यामुळे हवेत सावकाश उडतात. लिंबाचे किंवा संत्र्याचे तेल कागदावर टाकले तर तासाभरात उडून जाते, चंदनतेलाचा वास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही कागदावर राहतो. त्यातही त्याचा विशेष असा, की तो स्वतः फार पुढे येत नाही. सोबतच्या हलक्या वासांना तो धरून ठेवतो, त्यांच्या कडा मऊ करतो आणि ते ओसरल्यावर मागे उरतो. दीर्घकाळ टिकणारी सुगंधद्रव्ये पुष्कळ आहेत. ऊद आहे, कस्तुरी आहे, पाचोळी आहे. पण ती आपला ठसा इतका उमटवतात की त्यांच्यावर मोगऱ्याचे किंवा केवड्याचे अत्तर उभे राहू शकत नाही. टिकाऊपणा आणि संयम हे दोन्ही गुण एकाच तेलात इतक्या प्रमाणात असणे दुर्मीळ आहे, आणि चंदनाच्या श्रेष्ठत्वाचे खरे कारण मला इथेच दिसते.

भारतीय अत्तराची सगळी रचना या गुणावर उभी राहिली. कनोजच्या पद्धतीत तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून तोंड मातीने लिंपतात. खाली मंद जाळ असतो. वाफ बांबूच्या चोंग्यातून थंड पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते, आणि भपक्यात आधीपासून चंदनतेल ओतलेले असते. फुलांचा वास पाण्याबरोबर येतो आणि तेलात मुरतो. नवी फुले, नवा जाळ, असे कित्येक दिवस चालते, मग पाणी काढून टाकतात. गुलाब, केवडा, मोगरा, वाळा, इतकेच काय पहिल्या पावसाच्या मातीचे अत्तरसुद्धा असेच तयार होते, आणि त्या प्रत्येकाच्या पोटात चंदन असते. या परंपरेमागे मोजमापाचे शास्त्र होते. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीला एक प्रकरण दिले आणि चंदनासह सोळा द्रव्यांतून चार-चार निवडून, त्यांचे भाग बदलत गेल्यास 1,74,720 मिश्रणे होतात असा हिशेब मांडला. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात राजाच्या विलेपनांचा तपशील येतो. मराठी वाचकाला विशेष जवळचे असे एक उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा गंधसार आणि अज्ञात कर्त्याचा गंधवाद हे ग्रंथ अभ्यासकांसमोर आणले, आणि गंधवादावरची टीका मराठीत आहे. वडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने 1989 मध्ये हे दोन्ही छापले. सुगंधी द्रव्ये कशी शिजवावीत, कशी भावना द्यावी, कशाने वासावी, हे मराठीत समजावून सांगण्याची गरज कुणाला तरी वाटली होती. तेवढ्या बारकाईने या विषयावर मराठीत पुन्हा लिहिले जावे, हाही या पुस्तकामागचा एक हेतू आहे.

पाश्चात्त्य सुगंधकलेनेही चंदन याच कामासाठी घेतले. तिथे तेलाऐवजी अल्कोहोलचे माध्यम असते, त्यामुळे चंदन माध्यम न राहता तळाचा स्वर बनते. झाँ-पॉल गेर्लां यांनी 1989 मध्ये आणलेल्या संसारा या प्रसिद्ध सेंटात म्हैसूरच्या चंदनाचे प्रमाण भरपूर होते आणि त्याच्या जोडीला पॉलीसॅन्टॉल हे कृत्रिम द्रव्यही होते. इथे पहिला आक्षेप येतो. टर्पेंटाइनपासून चंदनाच्या वासाची द्रव्ये बनू लागून काही दशके झाली आहेत. सँडलोर, एबॅनॉल, जॅव्हॅनॉल ही त्यांतली परिचित नावे. शिवाय आता सूक्ष्मजीवांकडून किण्वनाने थेट सॅन्टलॉल तयार करून घेतात, आणि 2020 पासून ते व्यापारी प्रमाणात मिळते. मग चंदनाचे झाड कशाला हवे? या आक्षेपातला अर्धा भाग मला मान्य आहे. कपडे धुण्याची पावडर, फरशी पुसण्याचे द्रव, रोजचा स्वस्त साबण, यांत अस्सल चंदनतेल घालणे ही उधळपट्टी आहे आणि तिथे कृत्रिम द्रव्ये वापरली जातात हे चांगलेच आहे. जॅव्हॅनॉलसारखे द्रव्य तर इतके प्रभावी आहे की अत्यल्प मात्रेतही जाणवते. पण या द्रव्यांत प्रत्येकी एक रेणू असतो आणि तो चंदनाच्या वासाची एकच बाजू उचलतो. नैसर्गिक तेलात सॅन्टलॉलबरोबर शंभराहून अधिक लहानमोठे घटक असतात, त्यांतले काही दुधाळ, काही मातकट, काही भाजलेल्या दाण्याकडे झुकणारे. मोगऱ्याच्या अत्तरात कृत्रिम चंदन घातले की मोगरा आणि चंदन वेगवेगळे ऐकू येतात, अस्सल तेलात ते एकमेकांत मुरतात. किण्वनातले सॅन्टलॉल या दरीतले बरेच अंतर कापते आणि पुढे आणखी कापेल. त्याचे मी स्वागतच करतो, कारण त्यामुळे झाडावरचा भार कमी होईल आणि अस्सल तेल जिथे खरेच लागते तिथे, म्हणजे उत्तम अत्तरात, उरेल.

त्वचेकडे वळण्यापूर्वी म्हैसूरचा इतिहास पाहिला पाहिजे, कारण औषधी दाव्यांचे काय होते याचा धडा त्यात आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी म्हैसूर संस्थानातले चंदन लाकडाच्या रूपात लिलावाने विकले जाई आणि त्याचे तेल मुख्यतः युरोपात, विशेषतः जर्मनीत, निघे. 1914 मध्ये युद्ध सुरू झाले, हा रस्ता बंद पडला आणि ओंडके पडून राहिले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या तेव्हा दिवाण होते, आल्फ्रेड चॅटर्टन उद्योगखाते पाहत होते. भारतीय विज्ञान संस्थेतल्या रसायनशास्त्रज्ञांनी तेल काढण्याची पद्धत बसवून दिली आणि 1916 मध्ये बंगळूरला, पुढच्या वर्षी म्हैसूरला तेलाचा कारखाना सुरू झाला. सोसले गरळपुरी शास्त्री यांना साबणाचे तंत्र शिकायला इंग्लंडला पाठवले गेले आणि 1918 च्या सुमारास चंदनाचा साबण बाजारात आला. ही कथा स्वदेशी उद्योगाची म्हणून नेहमी सांगितली जाते आणि ती तशी आहेच. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. त्या काळी युरोप-अमेरिकेत चंदनतेलाला जी मागणी होती तिचा मोठा हिस्सा सुगंधासाठी नव्हता. परमा या गुप्तरोगावरचे औषध म्हणून हे तेल कॅप्सूलमध्ये भरून पोटात देत. ब्रिटिश औषधकोशात त्याची नोंद होती, डॉक्टर ते लिहून देत, आणि त्याच्या गुणाबद्दल कुणाला शंका नव्हती. मग 1930 च्या दशकात सल्फा औषधे आली, पाठोपाठ पेनिसिलीन आले आणि हा उपयोग काही वर्षांत नाहीसा झाला. आज तो कुणाला आठवतही नाही. चंदनतेल मात्र टिकले, कारण साबणात आणि अत्तरात त्याचा जो उपयोग होता तो कुठल्याच नव्या औषधाने खोटा ठरण्याजोगा नव्हता. जाणकारांचे एकमत आणि औषधकोशातली नोंद हे दोन्ही असूनही दावा कोसळू शकतो, हे लक्षात ठेवून आजच्या त्वचेच्या दाव्यांकडे पाहावे.

या सावधपणावर सर्वांत वजनदार आक्षेप परंपरेचा आहे. चरकसंहितेत वर्ण्य, कंडूघ्न आणि दाहप्रशमन या तिन्ही गणांत, म्हणजे कांती सुधारणाऱ्या, खाज घालवणाऱ्या आणि दाह शमवणाऱ्या द्रव्यांत, चंदनाचा समावेश आहे. पंढरपुरात गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठलाला चंदनउटी लावतात. दिवाळीच्या उटण्यात चंदनाची पूड असते. इतक्या पिढ्यांचा अनुभव चुकीचा कसा असेल? मी तो चुकीचा मानत नाही. मी एवढेच विचारतो की तो अनुभव कोणत्या पदार्थाचा आहे. सहाणेवर पाणी घालून खोड उगाळले की जे गंध मिळते त्यात लाकडाची अतिशय बारीक पूड, पुष्कळ पाणी, लाकडातले काही विरघळणारे पदार्थ आणि तेलाचा अल्पसा अंश असतो. उन्हाळ्यात कपाळावर लावल्यावर गार वाटते, त्याचा मोठा भाग पाणी उडण्याचा आहे. लाकडाची पूड ते पाणी धरून ठेवते, म्हणून साध्या पाण्यापेक्षा गारवा जास्त वेळ राहतो. यात तेलाचा वाटा थोडा. उलट, बाटलीतले तेल म्हणजे कित्येक किलो लाकडाचा अर्क, पाण्याशिवायचा, पुडीशिवायचा. ते निर्भेळ त्वचेवर लावले तर गार वाटण्याचे काही कारणच नाही. वैद्यकाच्या भाषेत सांगायचे तर कल्क आणि तैल हे दोन वेगळे कल्प आहेत, त्यांची मात्रा वेगळी, उपयोग वेगळा. चंदनबलालाक्षादि तेलासारख्या योगांतही चंदन इतर अनेक द्रव्यांबरोबर तिळाच्या तेलात सिद्ध केलेले असते. उटीची पुण्याई अर्काच्या बाटलीला लावणे हा परंपरेचा मान नव्हे. परंपरेने जे पदार्थ काळजीपूर्वक वेगळे ठेवले ते आपण विक्रीच्या सोयीसाठी एक केले आहेत.

दुसरा आक्षेप आधुनिक संशोधनाचा आहे आणि तो टाळण्यासारखा नाही, कारण संशोधन खरेच झाले आहे. अल्फा-सॅन्टलॉल टायरोसिनेज या विकराला प्रयोगशाळेत अडवते. त्वचेचा रंग बनवण्यात हे विकर काम करते, म्हणून रंग उजळण्याचा दावा इथून निघतो. अमेरिकेतल्या साउथ डकोटामधल्या संशोधकांनी उंदरांच्या त्वचेवर अल्फा-सॅन्टलॉल लावून, रसायनांनी आणि अतिनील किरणांनी होणाऱ्या गाठी कमी होतात असे दाखवले. 2012 मध्ये अमेरिकेतच मुरुमांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली. चंदनतेल आणि अर्धा टक्का सॅलिसिलिक आम्ल असलेला उपचार बहुतेक रुग्णांना उपयोगी पडला. 2014 मध्ये जर्मनीतल्या बोखुमच्या शास्त्रज्ञांनी त्वचेच्या पेशींवर वास ओळखणारा एक ग्राहक आहे आणि तो चंदनाच्या वासाच्या द्रव्याने चेतवला की पेशींची वाढ आणि जखम भरण्याची क्रिया वेग घेते, असे सांगितले. ही बातमी चंदनाची म्हणून जगभर फिरली. आता कोशाध्यक्षाने एकेक तपासावे. टायरोसिनेजचा प्रयोग नळीतला आहे. क्रीममधून त्वचेच्या योग्य थरापर्यंत पुरेसे सॅन्टलॉल पोचते का, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उंदरांवरचे काम मोलाचे आहे, पण माणसाच्या चेहऱ्यावर लावायच्या सल्ल्याला ते आधार देत नाही. मुरुमांच्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, उपचार कोणता हे सर्वांना ठाऊक होते आणि सॅलिसिलिक आम्ल स्वतःच मुरुमांवरचे मान्य औषध आहे. त्या यशातला चंदनाचा वाटा वेगळा काढताच येत नाही. आणि बोखुमच्या प्रयोगातले द्रव्य सँडलोर होते, म्हणजे कारखान्यात बनलेला तो रेणू जो झाडात नसतो. त्याच्या आधारावर नैसर्गिक तेलाची जाहिरात करणे हे सरळ खोटे आहे. या सगळ्यातून निघते ते एवढेच की सॅन्टलॉलमध्ये सूज कमी करण्याचे आणि काही जंतूंना आवरण्याचे गुण असण्याची शक्यता चांगली आहे, आणि त्यावर नीट, तुलनात्मक चाचण्या व्हायला हव्यात. त्या होईपर्यंत मुरुमे, इसब किंवा काळे डाग असलेल्या माणसाला चंदनतेलाच्या भरवशावर ठेवून त्वचारोगतज्ज्ञाकडे जायला उशीर करणे मला अपराध वाटतो.

यावर कुणी म्हणेल, फायदा थोडा असेल, पण नैसर्गिक वस्तूने अपाय तर होणार नाही. हा समज सर्वांत घातक आहे. चंदनतेल इतर अनेक सुगंधी तेलांपेक्षा सौम्य आहे हे खरे. दालचिनीच्या किंवा लवंगेच्या तेलासारखे ते झोंबत नाही, बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण काहींना त्याची अॅलर्जी होते आणि ती एकदा झाली की आयुष्यभर राहू शकते. युरोपीय संघाने 2023 मध्ये सुगंधी द्रव्यांची नोंद वेष्टनावर करण्याचा नियम वाढवला. त्या यादीत चंदनतेल आणि सॅन्टलॉल या दोन्हींचा समावेश झाला. अंगावर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्क्यापेक्षा आणि धुऊन टाकायच्या वस्तूत 0.01 टक्क्यापेक्षा जास्त असेल तर नाव छापावे लागते. जपानमध्ये 1970 च्या दशकात सौंदर्यप्रसाधनांमुळे बायकांच्या चेहऱ्यावर तपकिरी-काळपट डाग पडण्याचा विकार गाजला, आणि त्यात संशयित ठरलेल्या सुगंधी द्रव्यांच्या यादीत चंदनतेलही होते. गोरेपणाच्या नावाखाली जे विकले जाते त्याच द्रव्याचा संबंध काही चेहऱ्यांवर काळे डाग पडण्याशी जोडला गेला होता. आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर अॅलर्जी शमल्यावर डाग मागे राहू शकतो, आणि म्हणून ही सावधगिरी आपल्याला अधिक लागू आहे. निर्भेळ तेल चेहऱ्याला लावू नये. तिळाच्या, बदामाच्या किंवा खोबऱ्याच्या तेलात शंभर भागांना एक भाग, फार तर दोन, यापुढे जाऊ नये. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस पाहावे. तान्ह्या मुलांना त्याची गरज नाही. एवढी मर्यादा पाळून अंगाच्या तेलात चंदन घातले, तर वास सुंदर येतो, दिवसभर टिकतो, तेल लावायला आणि मालिश करून घ्यायला माणूस प्रवृत्त होतो. कोरड्या त्वचेला त्याचा लाभ होतोच, पण तो देते तीळ किंवा खोबरे. ही भागीदारी उघडपणे सांगण्यात चंदनाला कमीपणा नाही.

आता ज्या वस्तूचे गुणदोष आपण तोलतो आहोत ती बाटलीत असते का, हा प्रश्न. किंमत वाढली की भेसळ येते, आणि चंदनतेलाच्या बाबतीत ती जुनी आणि हुशार आहे. अत्तराच्या भपक्यात चंदनतेलाऐवजी पातळ पॅराफिन किंवा डायइथाइल थॅलेट हे द्रव बऱ्याच ठिकाणी आले. वास येतो, पण अत्तराचे अंग हरवते. दुसरा प्रकार नावाच्या आडून होतो. वेस्ट इंडियन चंदन या नावाने विकले जाणारे अमायरिसचे तेल लिंबाच्या कुळातल्या झाडाचे असते, त्यात सॅन्टलॉल नसतेच. पूर्व आफ्रिकेतले ऑसिरिस चंदनाचे दूरचे नातलग आहे. त्याची तोड इतकी झाली की 2013 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. पश्चिम ऑस्ट्रेलियाचे मूळचे चंदन, सॅन्टलम स्पिकॅटम, खरे चंदन आहे, पण त्यात सॅन्टलॉल कमी आणि फार्नेसॉल जास्त असते. वास कोरडा असतो आणि फार्नेसॉलची अॅलर्जी होणारी माणसेही असतात. ही तेले वाईट नाहीत. स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या भावाने विकली गेली तर त्यांना आपापली जागा आहे. पण त्वचेवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष एका तेलाचे आणि बाटली दुसऱ्याची, अशा बाजारात उपयुक्ततेची चर्चाच निरर्थक होते. वास हीच भेसळ पकडण्याची पहिली कसोटी आहे, वायुवर्णलेखनाचा (गॅस क्रोमॅटोग्राफीचा) अहवाल ही दुसरी, आणि पहिली कसोटी ज्याला येते तो दुसरीची मागणी करायला कचरत नाही.

राहिला झाडाचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. टिपू सुलतानाच्या काळापासून म्हैसूरमध्ये चंदनावर राज्याचा हक्क होता. झाड कुणाच्याही शेतात उगवो, मालकी सरकारची आणि राखण्याची जबाबदारी शेतकऱ्याची. साहजिकच पुष्कळांनी रोप दिसताच उपटून टाकले. 1899 मध्ये कोडगूत चंदनाच्या स्पाइक रोगाची नोंद झाली. पाने बारीक होत जाऊन झाड वाळते आणि त्यावर आजही खात्रीचा उपाय नाही. त्यात तस्करीची भर पडली. वीरप्पनचे नाव त्यासाठी देशभर माहीत झाले, पण तो एकटा नव्हता. विसाव्या शतकाच्या मध्याला भारतात वर्षाला साधारण चार हजार टन चंदन निघे, एकविसाव्याच्या आरंभी ते पाचशे टनांच्या आसपास आले. 1998 पासून हे झाड संकटप्रवण जातींच्या यादीत आहे. कर्नाटकाने 2001 मध्ये आणि तमिळनाडूने 2002 मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला झाडाची मालकी दिली, हा योग्य निर्णय शंभर वर्षे उशिरा झाला. आता लागवडीने प्रश्न सुटेल असे सांगितले जाते, आणि महाराष्ट्रातही रोपे विकणाऱ्यांच्या जाहिराती बारा-पंधरा वर्षांत कोट्यवधींचे स्वप्न दाखवतात. शेतकऱ्याने त्यांपासून सावध राहावे. बारा वर्षांच्या झाडात गाभा असलाच तर बोटाएवढा असतो. वाढ भरभर व्हावी म्हणून पाणी-खत जास्त दिले की झाड जाड होते, पण गाभा त्या वेगाने धरत नाही. झाड भरू लागले की चोर येतात, आणि तोडीसाठी वनखात्याची परवानगी लागते ती वेगळीच. ऑस्ट्रेलियात ऑर्ड नदीच्या कालव्यांवर आपल्याच चंदनाची मोठी लागवड झाली. भांडवल, तंत्र, कुंपण सगळे होते, तरी तिथली सर्वांत मोठी कंपनी 2018 च्या सुरुवातीला दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेली. लागवड व्हावी, जरूर व्हावी, पण बांधावर, मिश्र झाडांत, तीस वर्षांच्या हिशेबाने व्हावी.

त्वचेचे फुगवलेले दावे आणि हे झाड यांचा संबंध इथे येतो. अत्तर बनवणाऱ्याला जुन्या झाडाचे, बीटा-सॅन्टलॉलने भरलेले तेल हवे असते. कोवळ्या झाडाचे पातळ तेल तो नाकारतो, म्हणजे त्याची मागणी झाडाला म्हातारे होऊ देते. ज्या क्रीमला वेष्टनावर फक्त चंदन हा शब्द हवा आहे, त्याला तेल कोवळ्याचे की जुन्याचे याचे सोयरसुतक नसते, थेंबभर काहीही चालते. अशी मागणी जितकी वाढेल तितकी लवकर कुऱ्हाड चालेल आणि तितकी भेसळ वाढेल. यावर शेवटचा आक्षेप असा घेतला जाईल की मग चंदन पुन्हा श्रीमंतांच्या अत्तरापुरतेच उरेल आणि सामान्य घराला ते पारखे होईल. मला तसे वाटत नाही. सामान्य घराला चंदन नेहमी खोडाच्या रूपात मिळाले, आणि एक खोड सहाणेवर वर्षानुवर्षे पुरते. उटीला, गंधाला, उटण्यातल्या चिमूटभर पुडीला फार लाकूड लागत नाही. अर्काची बाटली ही घरोघरीची गरज कधीच नव्हती. ती जाहिरातीने निर्माण केलेली आहे.

पुढच्या प्रकरणांत तेल काढण्याच्या पद्धती, अत्तरांच्या रचना, त्वचेसाठीची मिश्रणे आणि लागवडीची माहिती तपशिलाने आली आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की ती वाचून झाल्यावर दुकानात जाल तेव्हा विक्रेत्याला वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव विचारा, दोन्ही सॅन्टलॉलचे प्रमाण विचारा, त्या खेपेचा तपासणी अहवाल मागा आणि झाड कुठले व किती वर्षांचे होते तेही विचारा. उत्तरे मिळाली नाहीत तर ती बाटली घेऊ नका.